चोरीच्या पैशाची भाकर आणि प्रभुभोजन

"लेकरू वाईट मार्गानं पैसा आणतंय हे मला ठाऊक हाय. त्याच पैशाच्या पिठाच्या भाकरी मी थापते. मग ताई, माझी प्रार्थना देव ऐकत असंल का?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येत राहतो. कुणाचा नवरा देशी दारूचे बॉक्स पोचवतो, कुणाचा भाऊ मटक्याच्या चिठ्ठ्या घेतो, कुणाचं पोरगं रात्री वाळूच्या गाडीबरोबर जातं. विचारायला येते ती बहुतेक वेळा घरातली बाई. गुन्हा तिनं केलेला नसतो, पण झोप तिची उडालेली असते. अशाच एका घराची हकिकत इथे सांगते. कुटुंब गोदाकाठच्या गावातलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे.

ही बाई आणि तिचा नवरा दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एका हंगामात नवरा उसानं भरलेल्या गाडीवरून पडला, कंबरेचं हाड मोडलं आणि कोयता तिथंच थांबला. मुकादमानं आगाऊ दिलेली मजुरी, म्हणजे उचल, अंगावर राहिली. दवाखान्यासाठी फायनान्सचं एक कर्ज घेतलं आणि त्याचे हप्ते भरायला दुसरं. थोरला मुलगा १९ वर्षांचा. आयटीआय दुसऱ्या वर्षाला सोडून घरी आला आणि काही दिवसांतच आईच्या हातात ५०० रुपये ठेवू लागला. कुठून आणले, तर म्हणे 'लोकेशन'चे.

नदीकाठच्या लोकांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. रात्री नदीतून चोरून वाळू उपसली जाते, ट्रॅक्टर आणि हायवा, म्हणजे मोठे टिपर, भरून निघतात. तहसीलची किंवा पोलिसांची गाडी कुठपर्यंत आली हे कळवायला फाट्याफाट्यावर पोरं बसवलेली असतात. मोबाइल आणि मोटारसायकल, एवढंच भांडवल. ही पोरं वाळूला हातही लावत नाहीत, म्हणून आपण काही चोरलं असं त्यांना वाटत नाही.

आई माझ्याकडे आली ती मात्र चक्कर येते म्हणून. प्रार्थनासभेत दोनदा खाली बसली होती, म्हणून महिला मंडळातल्या एकीनं आणलं. सलाम करून बसली आणि बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. जेवणाचं विचारलं तेव्हा हळूहळू उलगडलं. घरात पिठाचे दोन डबे होते. एकात तिच्या खुरपणीच्या मजुरीची ज्वारी, दुसऱ्यात मुलाच्या पैशाची. सगळ्यांना ती दुसऱ्या डब्यातलं करून घालायची आणि स्वतः फक्त पहिल्यातलं खायची. मजुरी नसली की पहिला डबा रिकामा, आणि ती उपाशी. घरचे समजत होते, आई उपासप्रार्थना करतेय. गेले कित्येक महिने तिनं प्रभुभोजनही, म्हणजे येशूच्या आठवणीत उपासनेत दिली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, घेतलं नव्हतं. ताट पुढे आलं की मान खाली घालून ते शेजारणीकडे सरकवायची.

तिला सगळ्यात आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. रक्त फार कमी होतं. अंगात रक्त नसलेल्या माणसाशी पापपुण्याची चर्चा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळ्या सुरू झाल्या, झोप थोडी लागायला लागली, त्यानंतर आम्ही खऱ्या विषयाकडे वळलो.

तिच्या मनात एक वचन रुतून बसलं होतं. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात प्रेषित पौल बजावतो की, जो अयोग्य रीतीनं प्रभूची भाकर खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. लहानपणापासून तिनं ते ऐकलेलं. "मी अयोग्यच की ओ," ती म्हणाली.

मी तिला तोच अध्याय जरा मागून, १७ व्या ओवीपासून वाचायला लावला. करिंथच्या मंडळीत काय चाललं होतं? सुखवस्तू लोक आपापलं जेवण आणून आधीच खाऊनपिऊन मोकळे व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पौल चिडला आहे तो यावर. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असं तो खडसावतो, आणि त्याच ओघात पुढे अयोग्य रीतीनं खाण्याबद्दलचा तो इशारा येतो. म्हणजे ज्या वचनाच्या भीतीनं ही बाई मागे बसत होती, ते पोटभर जेवून शेजाऱ्याकडे न बघणाऱ्यांना सांगितलेलं होतं. तिनं ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे आम्हाला कामून कुणी सांगितलं नाही?"

याचा अर्थ वाळूचा पैसा चांगला झाला असा नाही, तसं मी तिला भासवलंही नाही. भुकेपोटी केलेली चोरी ही चोरीच राहते. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात दोन्ही गोष्टी एका दमात येतात: भुकेला माणूस चोरी करतो तेव्हा लोक त्याला तुच्छ मानत नाहीत, पण सापडला तर त्याला सातपट भरून द्यावं लागतं. मला त्या ओव्यांचा खरेपणा आवडतो. दया आहे आणि हिशोबही आहे. मात्र हा हिशोब फक्त भुकेल्याकडूनच मागायचा का? लेवीयच्या १९ व्या अध्यायात शेतमालकाला आज्ञा आहे की कडेचं पीक कापू नको, पडलेलं वेचू नको, ते गरिबाला आणि परक्याला राहू दे. आपल्याकडे सरवा वेचतात तेच हे. चोरी करू नको म्हणणारा देव गरिबाच्या सरव्याचीही व्यवस्था लावतो. आपण चोरीची आज्ञा उपासनेत मोठ्यानं म्हणतो आणि सरव्याची शेतमालकांवर सोडून देतो.

तिच्या बोलण्यात सासूचं नाव सारखं यायचं. सासूनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाल्ली, पण कुणाच्या रानातलं कणीस मोडलं नाही. मग आपलंच घर असं कसं निघालं? मी म्हटलं, सासूबाईंचा मान ठेवूनच सांगते, १९७२ ला सरकारनं दुष्काळी कामं काढली होती. त्याच अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. खडी फोडायला का होईना, काम होतं आणि दर आठवड्याला दारात हप्त्याचा माणूस नव्हता. सासूबाई प्रामाणिक होत्याच, पण त्यांच्या प्रामाणिकपणाला उभं राहायला पायाखाली थोडी जमीन होती.

आणखी एक टोचणी होती. "कागदावर तर आम्ही आधीच खोटे," ती एकदा म्हणाली. दाखल्यावर हिंदू आणि जुनी जात, घरात प्रार्थना येशूची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना अजून नाही. धर्म बदलला म्हणून गावानं त्यांचं घर वेशीबाहेरून आत आणलं नाही, पण शिष्यवृत्ती मात्र थांबते. या दुहेरी जगण्याचं ओझं मराठवाड्यातल्या अनेक घरांत आहे. ते मी तिच्या पापांच्या यादीत धरायला नकार दिला.

मग मुलगा आला. आईनं आणला म्हणून आला, खुर्चीच्या कडेवर बसला. पहिल्याच भेटीत मी सांगून टाकलं की इथलं बोलणं बाहेर जात नाही, पण कुणाच्या जिवावर बेतणारं काही असेल तर मला गप्प राहता येणार नाही. त्यानं मान हलवली. नंतर जे बोलला ते जवळजवळ त्याच्याच शब्दांत देते.

"मॅडम, नदी काय कुणाच्या बापाची हाय का? आणि चोर म्हणायचं तर आमच्या चर्चच्या कंपाउंडला वाळू कुठून आली ते विचारा. मालकानं दोन ट्रॅक्टर फुकट टाकली, त्या रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना झाली. मी त्याच मालकाच्या फाट्यावर बसतो. मग मी पापी आणि तो दानशूर कसा?"

नदीबद्दल मी त्याच्याशी वाद घातला. वाळू पाणी धरून ठेवते, ती गेली की काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं. त्याच्या चुलत्याची विहीर कधी आटू लागली हे मी त्यालाच आठवायला सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. कंपाउंडबद्दल मात्र वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तो बरोबर बोलत होता, आणि मी तसं म्हटलं. गरीब घरातला तरुण चर्चपासून तुटतो तो पुष्कळदा अशाच ठिकाणी. आज्ञा कडक असल्याचं त्याला दुःख नसतं, ती माणूस बघून सैल होते याचं असतं.

कायद्याची बाजूही त्याला नीट सांगितली. चोरून काढलेल्या वाळूवर भारतीय न्याय संहितेच्या ३०३ कलमाखाली चोरीचा गुन्हा लागू शकतो. राज्याच्या १९८१ च्या एमपीडीए कायद्यात आता वाळूतस्करही येतात आणि त्याखाली वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. माझ्या पाहण्यात आधी सापडतो तो चालक आणि फाट्यावरचा पोरगा. त्याच्यावर तोपर्यंत गुन्हा नव्हता. उद्या पकडलं तर घाबरून कशावरही सही करू नको, १५१०० वर फोन कर, कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे त्याच्याकडून पाठ करून घेतलं.

त्याला खरं काय अडवत होतं, तर जक्कय. लूकच्या १९ व्या अध्यायातला हा जकातदार फसवून घेतलेलं चौपट परत देतो. "मी कुठून देऊ चौपट?" मी त्याला क्रम बघायला सांगितला. येशू आधी जक्कयच्या घरी उतरायचं ठरवतो, लोक कुरकुरतात, आणि त्यानंतर जक्कय परतफेडीचं बोलतो. फेड झाल्यावर ये, असं येशू त्याला म्हणत नाही. शिवाय जक्कय श्रीमंत होता, ज्याची हायवा आहे तसा. फाट्यावरच्या पोराची फेड वेगळी. ती काय असावी हे मी ठरवून दिलं नाही.

आता बाहेर कसं पडायचं? अशा ठिकाणी तडकाफडकी पश्चात्ताप जाहीर करणं धोक्याचं असतं. काम सोडणारा पोरगा खबऱ्या ठरतो. म्हणून मालकाशी भांडण नाही, साक्ष देणं नाही, गावात चर्चा नाही. मामा वाळूजला एमआयडीसीत कामाला होते. त्यांच्या खोलीवर राहून कंपनीत हेल्पर म्हणून लागायचं, कारण विचारलं तर बापाचा दवाखाना. पगार वाळूच्या पैशापेक्षा कमी पडणार होता, म्हणून घराच्या खर्चाला पडणारं भगदाड आधी मोजलं.

हप्त्यांची कार्डं मागवली. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूक्ष्मवित्त (मायक्रोफायनान्स) नियमांप्रमाणे अशा घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ चालत नाही. कंपनीनं ऐकलं नाही तर १४४४८ वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रारीची माहिती मिळते. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही कंपनीला लेखी अर्ज दिला आणि पहिल्या कर्जाचे हप्ते लांबवून मिळाले.

पाळकसाहेबांशी बोलायची परवानगी मी मायलेकांकडून मागितली. त्यांनी दिली. पाळकसाहेब ऐकताना अस्वस्थ झाले, पण त्यांनी टाळलं नाही. एरवी सुगीच्या उपासनेत आलेल्या धान्याचा लिलाव होतो. त्या वर्षी त्यातली ज्वारी आणि तूरडाळ या घराला आणि आणखी दोन घरांना गेली. मला यात नवं काही दिसत नाही. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल वसवलं तेव्हा उपदेशाच्या जोडीला जमीन आणि कामधंदा यांचीही खटपट केली होती. कंपाउंडचा विषय पंचांपुढे गेला आणि तिथे बरीच वादावादी झाली. पुढे सरकारला रॉयल्टी भरल्याची पावती असल्याशिवाय वाळू घ्यायची नाही, एवढं ठरलं. आधीच्या दोन ट्रॅक्टरचं काय, यावर एकमत झालेलं नाही.

मुलगा वाळूजला गेला. मधे कंपनीत काम कमी झालं तेव्हा गावी आला आणि दोन रात्री पुन्हा फाट्यावर बसला. आईनं मला रडत फोन केला. मी त्याला बोलावलं, ओरडले नाही, फक्त त्या आठवड्यात घरात नेमकं काय कमी पडलं होतं ते विचारलं. बापाच्या गोळ्या. त्या आता सरकारी दवाखान्यातून मिळतात. तो परत गेला, आणि चुलत्याच्या विहिरीच्या गाळाचं काम स्वतः सुट्टीत येऊन करायचं त्यानं ठरवलंय. आई आता जेवते, प्रभुभोजनही घेते.

तुमच्या घरात असं काही असेल तर उपाशी राहून त्याची भरपाई करू नका. त्यानं ना पोरगं सुटतं ना कर्ज. हप्त्याची कार्डं, दवाखान्याचे कागद घेऊन विश्वासाच्या माणसाकडे जा. मन फारच बसलं असेल, जगू नये असं वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि पाळक, फादर, मंडळीचे पंच हे वाचत असतील तर त्यांना एक मागणं आहे: कुणी प्रभुभोजनाला मागे राहत असेल तर चारचौघांत कारण विचारू नका, घरी जाऊन बसा.

या घराचं दुसरं कर्ज आणि मुकादमाची उचल अजून बाकी आहे. मुकादम उचलीच्या बदल्यात धाकट्याला पुढच्या हंगामाला मागतो आहे. तो १५ वर्षांचा आहे आणि दहावीला बसणार आहे. ते थांबवायचं काम सध्या चालू आहे.