पॉलिअनिलीन तापवताना आधी काय निघतं?

प्रश्न : मॅडम, हायड्रोक्लोरिक आम्लाने डोप केलेलं (वीज वाहावी म्हणून ते आम्ल मिसळलेलं) पॉलिअनिलीन, म्हणजे अ‍ॅनिलीनच्या रेणूंची लांब साखळी, मी आर्गॉनमध्ये तापवलं आणि निघणारे वायू वस्तुमान मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडले. वजनाच्या आलेखात तीन उतार आले : १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, २०० ते ३०० च्या दरम्यान आणि ४०० च्या वर. दुसऱ्या उतारात स्पेक्ट्रोमीटरवर १७ वस्तुमानाचं पीक (शिखर) दिसतं. हा अमोनिया म्हणजे साखळीच तुटतेय ना? ३६ वर मात्र काही कळत नाही.
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : १७ वरून एवढ्यात साखळी तुटली म्हणू नका. पाण्याचा रेणू आयनीकरणात फुटला की तोही १७ वर दिसतो, १८ च्या साधारण पाचव्या हिश्शाइतका. म्हणून १७ आणि १८ चे वक्र एकावर एक ठेवून पाहा. दोन्ही सोबतच चढत-उतरत असतील तर ते पाणीच. १८ शांत असताना १७ वर गेला आणि १६ ही त्याच्याबरोबर गेला, तरच अमोनिया म्हणा. ३२ वरही नजर हवी, कारण हवा गळत असेल तर ऑक्सिजनही १६ वर दिसतो.

३६ बद्दल मला खरी शंका आहे ती तुमच्या वायूची. आर्गॉनचे ३६ आणि ३८ वस्तुमानाचे समस्थानिक असतात. टक्केवारी नगण्य, पण वाहक वायू म्हणून आर्गॉनच वाहत असेल तर हायड्रोजन क्लोराइडचं पीक त्या गर्दीत हरवतं. हेलियम वापरा. मग ३६ आणि ३८ ची पिकं तीनास एक प्रमाणात आली की क्लोरीनची ओळख पटली. दुसऱ्या उतारात तुम्हाला बहुतेक हेच दिसेल : डोपंट (मिसळलेलं आम्ल) निघून जातोय आणि साखळी अजून बरीचशी शाबूत आहे. मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आम्ल निघून गेलं की विद्युतवहन कोसळतं, नमुना डोळ्यांना धडधाकट दिसत असला तरी.

म्हणून सगळा डोपंट दुसऱ्या उतारातच निघून गेला असं मानायचं का? नाही. काही क्लोरीन बाहेर न पडता बेंझिनच्या कड्यालाच चिकटतो. पुढे ४०० च्या वर ९३ वर अ‍ॅनिलीन येईल, तेव्हा १२७ आणि १२९ ही तपासा, पुन्हा तीनास एक. ती जोडी सापडली तर क्लोरोअ‍ॅनिलीन आहे. क्लोरीनचा हिशेब मांडताना हा वाटा विसरला जातो.

भट्टीपासून स्पेक्ट्रोमीटरपर्यंतची नळी नीट तापलेली आहे ना? थंड जागी अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड एकत्र आले की अमोनियम क्लोराइडचा पांढरा थर बसतो आणि दोन्ही पिकं खुजी होतात. डायफेनिलअमाइनसारखे जड तुकडेही (१६९) तिथेच अडकतात. तुम्हाला तेच हवे असतील तर नमुना थेट आयन स्रोताजवळ निर्वातात तापवणारी पद्धत घ्या.

हेलियममध्ये नमुना पुन्हा चालवण्याआधी रिकामी मूस त्याच वेगाने तापवून घ्या आणि दोन्ही आलेख एकत्र पाठवा.