बैठकीचा पहिला विषय: भांडी

प्रश्न: ताई, हवामान न्यायासाठी लढणाऱ्या एका गटात मी बरीच वर्षं आहे. मोर्चा असला की जेवणाची व्यवस्था, कार्यकर्त्यांची मुलं सांभाळणं, उन्हात कुणाला भोवळ आली तर त्याच्यापाशी बसणं, नंतर खचलेल्यांना फोन करणं, हे सगळं माझ्याकडे आणि आणखी दोघींकडे. भाषणं आणि पत्रकार इतरांकडे. मागच्या बैठकीत मी विषय काढला, तर एक सहकारी म्हणाला, 'पृथ्वी पेटलीय आणि तू भांडी मोजतेस?' सगळे हसले. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तिथेही मीच. मी नसले तर सगळं कोलमडेल म्हणून टिकून आहे. मी कोत्या मनाची आहे का? सोडून देऊ का?

उत्तर: कोत्या मनाच्या तुम्ही मुळीच नाही. सोडायचं मात्र इतक्यात ठरवू नका.

आधी त्या विनोदाचा समाचार घेऊ. पृथ्वी पेटते तेव्हा नेमकं काय होतं? उष्णतेची लाट आली की शाळा बंद होतात आणि मुलं घरी असतात. म्हाताऱ्या माणसाचं अंग पुसायला रात्री दोनदा उठावं लागतं. पाणी आटलं की हंडा घेऊन आणखी लांब जावं लागतं. जगभरात बायका आणि मुली पाणी आणण्यात रोज २० कोटी तास घालवतात, असं युनिसेफने २०१६ मध्ये म्हटलं होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात तर घरकाम आणि देखभालीच्या बिनपगारी कामाचे दिवसाला १,६४० कोटी तास निघाले, म्हणजे २०० कोटी माणसांनी रोज ८ तास फुकट राबावं इतके. त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त काम बायकांच्या वाट्याचं. हवामान बिघडलं की भार आधी या कामावर पडतो. तेव्हा भांडी मोजणं हा विषयांतराचा प्रकार नाही.

शिवाय आपला खर्च दुसऱ्याच्या माथी मारायचा आणि हिशेबात धरायचा नाही, हाच तर तुमच्या गटाचा प्रदूषण करणाऱ्यांवरचा आरोप आहे ना? मग तोच व्यवहार आपल्या मांडवात चालू द्यायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

आता जरा तुमच्याकडे वळते. 'मी नसले तर कोलमडेल' हे वाक्य मला खुपलं. खरं असेल, तर गटाचा कारभारच कच्चा आहे. खरं नसेल, तर कामाचा ताबा तुम्हालाही सोडवत नाहीये. बहुधा दोन्ही थोडं थोडं असेल. आइसलंडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ रोजी जवळजवळ ९० टक्के बायकांनी घरातलं आणि बाहेरचं काम एक दिवस थांबवलं. बाप मुलांना घेऊन कामावर गेले, कितीतरी शाळा आणि मासळीचे कारखाने बंद राहिले. देश बुडाला नाही, पण कोण काय करतं ते सगळ्यांना दिसलं. तुम्ही मात्र मोर्चाच्या दिवशी असं करू नका. त्रास भोवळ आलेल्या माणसाला आणि लहान मुलांना होईल, भाषण करणाऱ्याला कळणारही नाही.

त्याऐवजी मागच्या मोर्चाची यादी करा. सामान कधी आणलं, किती मुलं होती, शेवटचा फोन रात्री किती वाजता ठेवला, सगळं लिहा. ती यादी घेऊन बैठकीत पहिलाच विषय मांडा, 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत थांबू नका, तोवर निम्मे लोक उठलेले असतात. कुणी तुम्हाला 'गटाची आई' म्हणून टाळ्या वाजवल्या तर हसा आणि पाळीपत्रक पुढे करा. कुणी 'काय करू ते सांग' म्हणालं, तर तेही घेऊ नका, कारण त्यात डोकं तुमचंच चालतं. काम अख्खं सोपवायचं, सामान आणण्यापासून शेवटचं पातेलं घासेपर्यंत. पहिली पाळी त्या विनोदी सहकाऱ्याची. भात करपला तर करपू दे, तुम्ही उठायचं नाही! ध्वनिक्षेपकाला पैसे निघतात, तर मुलं सांभाळणाऱ्या व्यक्तीलाही निघायला हवेत.

खचलेल्यांना फोन करणं मात्र कुणाच्याही गळ्यात मारू नका. ते ऐकायचं काम आहे आणि प्रत्येकाला जमत नाही. दोघादोघांना शिकवा, आणि तुम्हाला कोण फोन करणार तेही त्याच बैठकीत ठरवा.

घरचं थोडक्यात सांगते. पत्रात सासूबाई आहेत, नवऱ्याचा उल्लेखही नाही. आई त्यांची आहे. तेव्हा पाळीपत्रक तिथेही लावा. नवरा नसेल किंवा दूर असेल, तर इतर भावंडांना बोलवा.

दोन मोर्चांनंतरही काही बदललं नाही, तर खुशाल सोडा. महिनाभर आधी सांगा, फोन नंबरांची यादी द्या, औषधांची पेटी कुठे असते ते दाखवा. आणि दुसऱ्या गटात जाल तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा, इथे मुलं कोण सांभाळतं?