समासातलं हातचं लिखाण पुसून घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा की सोळाव्या शतकात व्हेनिसला छापलेला ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ मिळतोय, पण समासात कुणीतरी बारीक हिब्रू अक्षरात भरपूर लिहिलंय, काही ओळींवर शाईचे पट्टे ओढलेत. ते साफ करून घ्यावं का?

कृपा करून कुणाला हात लावू देऊ नका. मी जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते, म्हणून कळकळीनं सांगते. छापलेला मजकूर दुसऱ्या प्रतीतही वाचता येतो. समासातलं मात्र जगात तेवढ्या एकाच ठिकाणी असतं.

या परंपरेत तर समासाला फारच मोल आहे. धर्मपंडित योसेफ कारोंचा ‘शुल्हान आरुख’ हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ 1565 साली व्हेनिसला छापला गेला. कारो सेफार्दी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यू परंपरेतले, त्यामुळे पोलंडमधल्या ज्यूंचे रिवाज त्यात पुरेसे आले नव्हते. क्राकूवच्या मोशे इस्सेर्लेस यांनी जागोजागी आपली पुस्ती जोडली आणि थोड्याच वर्षांत ती मूळ मजकुरातच छापली जाऊ लागली. आज तो ग्रंथ सहसा तिच्यासकटच छापला जातो. त्याच शहरातले योएल सिर्किस 1640 मध्ये वारले. तालमुद, म्हणजे ज्यू धर्मचर्चेचा मोठा प्राचीन ग्रंथ, वाचताना छपाईच्या नि पाठाच्या चुका ते स्वतःच्या प्रतीच्या समासात दुरुस्त करत. त्या दुरुस्त्या छापून आल्या 1824 साली, वॉर्सात! मधल्या काळात कुणी ‘पुस्तक मळलंय’ म्हणून त्यांना हरताळ फासला असता तर? (पोथीतलं चुकलेलं अक्षर खरोखरच हरताळ लावून झाकत, आपला वाक्प्रचार तिथूनच आलाय.) पोझ्नानच्या अकिवा एगेर यांच्या टिपांचं तर नावच ‘गिल्योन हा-शास’, म्हणजे तालमुदचा समास.

आता त्या काळ्या पट्ट्यांविषयी. ते बहुधा सेन्सॉरचे असावेत. सप्टेंबर 1553 मध्ये रोममध्ये तालमुदच्या प्रती जाहीरपणे जाळल्या. पुढे इतर हिब्रू पुस्तकं बाळगायची तर चर्चच्या तपासनिसाकडून आक्षेपार्ह शब्द खोडून घ्यावे लागत. यातले बरेचसे तपासनीस ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेले होते, कारण हिब्रू वाचता येणारा माणूस हवा. शेवटचं पान जरूर बघा. तिथं लॅटिन लिपीत सही आणि साल सापडण्याची शक्यता आहे. दोमेनिको जेरोसोलिमितानो या तपासनिसाचं नाव असं कितीतरी प्रतींवर दिसतं. सही असेल तर त्या वर्षी तुमची प्रत इटलीत होती हे कळलं.

आणि एक गोष्ट मला दर वेळी हलवून जाते. तपासनिसाची शाई लोहयुक्त, काळानं ती उडून तपकिरी होते. छपाईची शाई काजळी आणि तेलाची, ती तशीच राहते. त्यामुळे खोडलेला शब्द आज बऱ्याचदा पट्ट्याखालून पुन्हा वाचता येतो. खिडकीजवळ पान तिरकं धरून बघा.

टिपांचं मोठं नुकसान नवी बांधणी करताना होतं. बाइंडर कडा सरळ करायला पातं फिरवतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते आणि शिवण उजवीकडे असते, म्हणून पानाच्या दर्शनी बाजूला टिपेच्या प्रत्येक ओळीचा शेवट तुटतो, मागच्या बाजूला प्रत्येक ओळीची सुरुवात. असं एक पान माझ्यासमोर आलं होतं. कुणा वाचकानं एका निर्णयावर आठ ओळींचा आक्षेप लिहिलेला, आणि नेमका निष्कर्ष कापलेला. तो आता कधीच कळणार नाही.

तेव्हा प्रत घेतलीत तर बांधणी तशीच ठेवा, सेलोटेप आणि लॅमिनेशनपासून लांब ठेवा. कोऱ्या पानांसकट सगळ्या पानांचे फोटो काढा. मालकांची नावं तिथंच असतात, कधी आधी ‘पृथ्वी आणि तिच्यातलं सर्व काही परमेश्वराचं’ हे स्तोत्रातलं वचन लिहून. फिकट झालेलं लिखाण अतिनील प्रकाशात उमटतं, पण ते जाणकाराकडूनच करून घ्या. फोटो जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवून विचारा. ते हस्ताक्षर वाचू शकणारी माणसं तिथं भेटतील.