चिमणी वाचली म्हणजे गिरणी वाचली असं नाही

चि. स अनेक आशीर्वाद.

लालबागच्या जुन्या कापड गिरणीचे तू पाठवलेले फोटो मिळाले. जवळजवळ सगळे धुराच्या चिमणीचेच आहेत. चिमणी लांबून दिसते, म्हणून ती राखायला कुणाची हरकत नसते. लोअर परळला फिनिक्स गिरणीची चिमणी मॉलच्या गर्दीत आजही उभी आहे. तेवढ्यावर समाधान मानू नकोस. गिरणी कळते ती शेडमध्ये.

करवतीच्या दात्यांसारखं ते छप्पर नीट बघ. प्रत्येक दात्याची काच उत्तरेकडे आहे. थेट ऊन आत आलं की साचेवाल्याच्या, म्हणजे माग चालवणाऱ्याच्या, डोळ्यांवर तिरीप यायची, तुटलेला धागा दिसायचा नाही. त्याला दिवसभर एकसारखा उजेड लागायचा. मग बिडाच्या खांबांवरून हात फिरव. वर बोल्टची भोकं सापडतील. तिथे फिरत्या दांड्याचे ब्रॅकेट बसायचे आणि इंजिनाची ताकद पट्ट्यांवरून साच्यांपर्यंत जायची. दुरुस्तीच्या घाईत आधी याच खुणा बुजवल्या जातात. म्हणून मोजमाप आणि रेखाटन पहिलं, बाकी सगळं नंतर.

आणि पन्हळी बघ. दोन दात्यांमध्ये पाला साचतो, पाणी तुंबतं, लाकूड कुजतं, लोखंड गंजतं. निधी येईल तेव्हा येईल. मिरगाआधी पन्हळी साफ झाल्या तरी शेडला आणखी काही पावसाळे काढता येतात.

नियम वाचायचा कंटाळा करू नकोस. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: पालिकेला मोकळी जागा, म्हाडाला घरांसाठी जागा आणि उरलेला मालकाचा. २००१ च्या दुरुस्तीनंतर ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून मोकळी होणारी जागा वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती कायम ठेवली. मला तिची चीड अजून आहे. गिरणगावाच्या हक्काची मैदानं आणि घरं तिथेच गेली. एखादी शेड धोकादायक म्हणून पाडायची घाई दिसली, की खालच्या जमिनीचं काय होणार ते आधी विचार.

१९८२ च्या गिरणी संपातले कामगार आता म्हातारे झालेत. काळाचौकीला इंडिया युनायटेड गिरणीच्या आवारात पालिकेने वस्त्रसंग्रहालयाचं काम हाती घेतलंय, पण कुठल्या खात्यात कोण उभं राहायचं, भोंगा झाल्यावर कुठल्या दारातून पाळी सुटायची, हे यंत्रं सांगणार नाहीत. शेडमध्ये जायची परवानगी मिळायला वेळ लागेल. तोवर नकाशा घेऊन त्या कामगारांच्या चाळीत जा आणि त्यांच्याच हाताने त्यावर खुणा करून घे.

तुझा,
सर