वाचकांचे प्रश्न : परवान्याच्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतुसे

प्रश्न : सांगलीत माझा हळदीचा व्यापार आहे. आत्मसंरक्षणासाठी ०.३२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यासाचे माप) रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला आहे. रोज जवळ बाळगण्यासाठी कोणती काडतुसे घ्यावीत? ०.३२ पिस्तुलाची चालतील का?

उत्तर : पिस्तुलाची काडतुसे मुळीच वापरू नयेत. बोअरचा आकडा एकच असला, तरी रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब व बुडाशी ठळक कडेचे असते, तर पिस्तुलाचे आखूड आणि अधिक दाबाचे. ते काही रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या भागात, बसतेही, आणि खरा धोका तिथेच आहे. म्हणून शस्त्रावर कोरलेली खूण व काडतुसाच्या बुडावरील शिक्का परवानाधारक विक्रेत्यासमोरच ताडून पाहावा.

पोकळ टोकाची गोळी शरीरात पसरते आणि आरपार जाण्याची शक्यता कमी होते, हे खरे. मात्र आखूड नळीच्या ०.३२ मध्ये वेग कमी असल्याने ती पसरेलच याची खात्री नसते. त्यामुळे माझ्या मते हमखास उडणारे, ताजे काडतूस अधिक महत्त्वाचे. पावसाळ्यातील दमटपणाने पितळेवर हिरवट थर चढला असेल, तर ते काडतूस बाजूला काढावे. काडतुसांना तेलाचा हात लावू नये. तेल टोपीत, म्हणजे बुडातील ठिणगी पाडणाऱ्या भागात, झिरपले की बार फुसका जातो. परवान्यावर नमूद केलेल्या संख्येपेक्षा जास्त काडतुसे कधीही बाळगू नयेत.