वाचकांचे प्रश्न : द्रवाची घनता चौथ्या दशांशापर्यंत

प्रश्न : आमच्या शाळेतील हायड्रोमीटरवर मिठाच्या द्रावणाची घनता तिसऱ्या दशांशापर्यंतही खात्रीने वाचता येत नाही. एक मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आमच्याकडे आहे. त्यावर प्लावक बलाच्या आधारे अधिक अचूक घनता काढता येईल का?
एक शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : नक्कीच येईल. चंचुपात्रात द्रव घेऊन ते काट्यावर ठेवावे, काटा शून्यावर आणावा आणि स्टँडला टांगलेला सुमारे 10 घन सेंटिमीटरचा भरीव काचेचा गोळा तळाला वा कडेला न टेकता द्रवात पूर्ण बुडवावा. द्रव गोळ्याला जितक्या बलाने वर ढकलतो तितक्याच बलाने गोळा द्रवाला खाली दाबत असल्यामुळे काट्यावर विस्थापित द्रवाचे वस्तुमान दिसते. 25 अंश सेल्सिअसला ऊर्ध्वपातित पाण्याची घनता 0.9970 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते, त्या पाण्यात काट्याने 9.970 ग्रॅम दाखवले, तर गोळ्याचे घनफळ 10.000 घन सेंटिमीटर ठरते; मग द्रावणात 10.283 ग्रॅम दाखवले, तर त्याला या घनफळाने भागून द्रावणाची घनता 1.0283 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते. हवेच्या प्लावक बलाची दुरुस्ती येथे चौथ्या दशांशाला धक्का लावत नाही.

खरी काळजी गोळा टांगण्याच्या दोऱ्याची घ्यावी लागते, आणि नेमके तेच बहुतेक वेळा राहून जाते. शिवणाचा सुती दोरा पाणी शोषतो, म्हणून तो वापरूच नये. 0.2 मिलिमीटर जाडीच्या तारेभोवतीसुद्धा पाणी किंचित वर चढते आणि पृष्ठताणामुळे काट्यावरील आकडा सुमारे साडेचार मिलिग्रॅमने कमी दिसतो. पाणी आणि मिठाचे द्रावण यांचा पृष्ठताण जवळपास सारखा असल्याने ही चूक बरीचशी कटते; साबणाच्या पाण्यात मात्र ती उरते. गोळ्याला चिकटलेला एक घन मिलिमीटरचा बुडबुडा आकडा एक मिलिग्रॅमने वाढवतो, म्हणून पाणी आधी उकळून, झाकून थंड करावे आणि गोळा तिरका धरून सावकाश बुडवावा.

तापमानाच्या बाबतीत तडजोड करू नये. 25 ते 30 अंशांच्या दरम्यान पाण्याची घनता दर अंशाला सुमारे 0.0003 ने घटते. पुण्यात एप्रिलमध्ये सकाळ आणि दुपार यांच्या तापमानात मोठा फरक पडत असल्याने पाणी आणि द्रावण एकाच खोलीत रात्रभर शेजारी ठेवावे, दोन्ही मोजमापे सकाळीच लागोपाठ घ्यावीत आणि दोन्ही वेळी तापमापी द्रवात बुडवून पाहावा. पंखा बंद ठेवावा. त्या कोरड्या हवेत उघड्या पात्रातील पाणी मिनिटाला काही मिलिग्रॅम उडू शकते, म्हणून काटा शून्यावर आणल्यापासून एका मिनिटाच्या आत आकडा टिपावा.