कपातीनंतर वित्तक्षेत्रात परतताना

प्रश्न : गुंतवणूक बँकेत दीड वर्ष विश्लेषक होतो, कर्मचारीकपातीत नोकरी गेली. आधी सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट, गुंतवणूक-विश्लेषणातील व्यावसायिक पात्रता) पूर्ण करावे की नोकरी शोधावी?

उत्तर : नोकरीचा शोध थांबवू नका. सीएफएचे तीन स्तर पार करायला साधारणपणे काही वर्षे लागतात, आणि तेवढा खंड कामाच्या अनुभवात पडू देणे मला धोक्याचे वाटते. पहिल्या स्तराची तयारी शोधासोबतच चालू ठेवावी. कंपन्यांची विलीनीकरणे, भांडवल-उभारणी असे सौदे घटले की गुंतवणूक बँका पदे कमी करतात, हे मुलाखत घेणाऱ्यांना ठाऊक असते. म्हणून नोकरी जाण्याचे कारण एका वाक्यात खरेखरे सांगून थेट आपल्याला काय काम येते त्याकडे वळावे. त्यासाठी शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालांवरून नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोखप्रवाह पत्रक परस्परांशी जोडणारे आर्थिक प्रारूप (मॉडेल) स्वतः तयार करावे, आणि विक्रीवाढीचे गृहीतक बदलल्यास खेळते भांडवल (रोजच्या व्यवहारांसाठी लागणारा पैसा) व कर्जफेडीची क्षमता कशी बदलते, हे तोंडी समजावून सांगता येईल इतके ते पक्के करावे. जुन्या कंपनीच्या फायली मात्र कदापि दाखवू नयेत. त्या गोपनीय असतात. अर्ज केवळ गुंतवणूक बँकांकडे न करता कर्जविश्लेषण आणि कंपन्यांच्या अंदाजपत्रक विभागांतही करावेत, कारण तेथे हेच कौशल्य रोज लागते.